आजीच्या आईचें नांव

शाळेची घंटा होऊन प्रार्थना आटोपली, कीं वर्गशिक्षक हजेरीपट उघडतात व एकामागून एक नांवें पुकारूं लागतात. प्रत्येक विद्यार्थी आपलें नांव ऐकून 'हजर' म्हणतो आणि खालीं बसतो. हा प्रकार रोजचाच असल्यामुळें त्याकडे कोणाचें विशेष लक्ष जात नाहीं. परंतु हजेरीपटांतील त्या एका ओळींत किती गोष्टी सांठविलेल्या असतात, ह्याचा क्षणभर विचार करून पाहावा. पहिला शब्द आईबापांनीं हौसेनें ठेवलेला, दुसरा बापाचा, तिसरा, म्हणजे आडनांव, आजोबांच्याहि आजोबांपासून चालत आलेला. काटोलकर, उमरेडकर असें आडनांव ऐकलें कीं मूळ गांव कळतें; आडनांवाच्या शेवटीं 'वार' असलें कीं चांद्याकडील मुलूख व त्यापलीकडचा तेलंगण डोळ्यांपुढें येतो. एका ओळींत एवढा इतिहास!

आतां विद्यार्थीमित्रांस एक साधा प्रश्न विचारतों. तुमच्या आजीच्या आईचें नांव काय? बापाकडील पणजोबांचें नांव पुष्कळांस सांगतां येईल. परंतु आईच्या आईची आई कोण, ती कोणत्या गांवची, तिचें माहेरचें नांव कोणतें, हें दहांत एखाद्यास तरी सांगतां येईल कीं नाहीं ह्याची शंकाच आहे. आणि ह्यांत मुलांचा दोष नाहीं. तें नांव कोठें लिहिलेलेंच नसतें. न लिहिल्यानें कोणाचें कांहीं अडतहि नाहीं, अशी आपली समजूत असते. परंतु आपल्याच महाराष्ट्रांतील एका लहानशा समाजाचें तेवढ्यावरून फार अडलें. तो समाज बेने इस्राएलांचा. त्यांच्या नांवांची, व विशेषतः त्यांच्यांतील स्त्रियांच्या नांवांची, कथा मोठी बोधप्रद असल्यामुळें ती येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

बेने इस्राएल हे महाराष्ट्रांतील यहुदी लोक होत. मराठी ही त्यांची मातृभाषा, आणि पूर्वींचा कुलाबा, म्हणजे हल्लींचा रायगड जिल्हा, ही त्यांची मूळ वसति. परंपरा अशी सांगते कीं, सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं त्यांच्या पूर्वजांचें तारूं अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्याशीं फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया एवढींच माणसें वांचलीं. जीं बुडालीं त्यांस नवगांवास मूठमाती देण्यांत आली. धर्मग्रंथ, चीजवस्तु, सर्व कांहीं समुद्रानें गिळलें. वांचलेले लोक कोंकणांत राहूं लागले, मराठी बोलूं लागले व तेलाचे घाणे चालवूं लागले. शनिवार हा त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस. त्या दिवशीं त्यांचा घाणा फिरत नसे. म्हणून शेजारी त्यांस 'शनवार तेली' म्हणूं लागले. शेजाऱ्यांनीं दिलेलें हें नांव धंद्यावरून व सुटीच्या वारावरून पडलें. स्वतःस मात्र ते 'बेने इस्राएल' म्हणवीत आले. 'बेने' म्हणजे पुत्र अथवा संतति, आणि इस्राएल हें याकोबाचें दुसरें नांव. रात्रभर झोंबी घेतल्यावर त्यास तें कसें मिळालें, ही उत्पत्तीच्या पुस्तकांतील कथा आपल्या शाळेंतील विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच.

कुटुंबें वाढलीं तशीं तीं कोंकणांतील गांवोगांव पसरलीं, आणि जो ज्या गांवीं राहिला त्या गांवावरून त्याचें आडनांव पडलें. किहीम येथील ते केहिमकर, नवगांवचे ते नवगांवकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, दिवेआगरचे दिवेकर, चौलचे चेऊलकर. अशीं शंभराहून अधिक आडनांवें ह्या समाजांत आहेत. नुसतें आडनांव ऐकून हा गृहस्थ यहुदी आहे हें कोणाच्या ध्यानांतहि येणार नाहीं, इतकीं तीं अस्सल मराठी आहेत. पुरुषांचीं नांवेंहि मराठी वळणावर गेलीं होतीं. शमुवेलाचा शमाजी झाला, इसहाकाचा इसाजी, मोशेचा मुसाजी, एलियाचा एलोजी. मूळ शब्द पवित्र शास्त्रांतला, परंतु त्यास जोडलेला 'जी' आपल्या शिवाजी-संभाजींचा! स्त्रियांस शेजारच्या मराठी घरांतल्यासारखीं नांवें ठेवीत व आदरानें 'बाई' म्हणून हांक मारीत.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. गांवाचें नांव पुत्रास बापाकडून मिळे. मुलगी उपवर होऊन सासरीं गेली कीं तिचें गांव बदले आणि आडनांवहि बदले. पेणकरांची लेक रोहेकरांची सून झाली. तिची लेक दिवेकरांकडे गेली. तीन पिढ्यांत तीन आडनांवें! पुरुषाचें आडनांव गांवाच्या नकाशासारखें स्थिर. स्त्रीचें मात्र प्रत्येक पिढींत नवें. म्हणून आडनांवावरून बापाच्या कुळाचा माग शंभर वर्षें मागें नेतां येतो. आईच्या कुळाचा माग पहिल्याच पायरीवर पुसला जातो.

असें असूनहि ह्या समाजाची ओळख कोणीं राखिली, हें पाहूं गेल्यास निराळेंच उत्तर मिळतें. त्यांच्यांत एक जुनी कथा सांगतात. दावीद रहाबी नांवाचा एक यहुदी गृहस्थ कोंकणांत आला. शनिवार पाळणाऱ्या ह्या तेल्यांविषयीं ऐकून ते आपलेच बांधव असावेत असें त्यास वाटलें. परंतु त्यांस ना हिब्रू भाषा येई, ना त्यांच्याजवळ ग्रंथ. मग परीक्षा कशी करावी? त्यानें टोपलीभर मिश्र मासळी आणून घरांतील स्त्रियांच्या हातीं दिली व ती शिजविण्यास सांगितलें. स्त्रियांनीं ज्या माशांस पंख व खवले होते तेवढेच निवडून घेतले आणि बाकीचे बाजूस काढले. कारण ते आपल्यांत खात नाहींत, असें त्या म्हणाल्या. लेवीयांच्या पुस्तकांत मोशेचा नियम अगदीं असाच सांगितला आहे. दावीद रहाबीची खातरी पटली, व त्यानें त्यांस धर्माचें शिक्षण देण्यास आरंभ केला.

ही कथा कोणत्या शतकांतील, ह्याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. परंतु तिच्यांतील मर्म पाहण्यासारखें आहे. त्या स्त्रियांस कोणीं नांव विचारलें नाहीं, कुळ विचारलें नाहीं, ग्रंथ वाचून दाखविण्यास सांगितलें नाहीं. पुरुषांच्या स्मृतींतून पुष्कळ कांहीं गळून गेलें होतें. चुलीपाशीं मात्र तें शिल्लक राहिलें होतें. आईनें लेकीस मासळी निवडण्यास शिकविलें, लेकीनें आपल्या लेकीस. सणांचीं जुनीं नांवें पाहिलीं तरी हाच अनुभव येतो. वर्षारंभाच्या सणास हे लोक 'नवियाचा सण' म्हणत. पुढच्या एका सणास 'खिरीचा सण' हें नांव पडलें तें घरोघर होणाऱ्या खिरीवरून. हिब्रू नांवें विस्मृत झालीं तेव्हां स्वयंपाकघरानें सणांस मराठी नांवें दिलीं, आणि त्यायोगें सण टिकले. मात्र ज्या बायकांनीं हें सर्व राखिलें त्यांतील एकीचेंहि नांव कथेंत आलेलें नाहीं. दावीद रहाबीचें नांव आलें. मासे निवडणारीचें नाहीं.

दुसरी एक कथा टिपू सुलतानाच्या काळची आहे. इंग्रजांच्या फौजेंतील शमुवेल इझिकेल दिवेकर, म्हणजेच शमाजी हसाजी दिवेकर, हे लढाईंत टिपूच्या हातीं सांपडले. त्यांस जात विचारण्यांत आली तेव्हां त्यांनीं 'बेने इस्राएल' असें उत्तर दिलें. हें नांव टिपूच्या मातेच्या कानीं गेलें. कुराणांत बनी इस्राईल लोकांचा वारंवार उल्लेख आहे, असे लोक मीं आजवर पाहिले नव्हते, ह्यांस मारूं नये, अशी तिनें रदबदली केली व त्यांचे प्राण वांचले, असें परंपरा सांगते. सुटून आल्यावर दिवेकरांनीं १७९६ सालीं मुंबईस बेने इस्राएलांचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. तें मात्र इतिहासांत नमूद आहे. ज्या रस्त्यावर तें होतें त्यास शमुवेल स्ट्रीट असें नांव पडलें. एका समाजाच्या नांवानें प्राण वांचले, आणि तें नांव ओळखणारी एक माताच होती!

पुढें एकोणिसावें शतक उजाडलें आणि नांवांचें वळण बदललें. कोचीनकडील यहुदी शिक्षक कोंकणांत आले. मुंबईस व कोंकणांत मिशनऱ्यांच्या शाळा निघाल्या व त्यांत बेने इस्राएलांचीं मुलें शिकूं लागलीं. स्कॉटलंडहून आलेले डॉक्टर जॉन विल्सन ह्यांनीं १८३२ सालीं हिब्रू भाषेचें व्याकरण मराठींत प्रसिद्ध केलें, तें मुख्यतः ह्या लोकांच्या उपयोगासाठीं. नागपुरास १८४५ सालीं आलेले स्टीफन हिस्लॉप हेहि त्याच स्कॉटिश परंपरेंतले. पवित्र शास्त्राचा जुना करार मराठींत वाचावयास मिळूं लागला, तेव्हां ह्या लोकांस आपल्या नांवांचीं मूळ रूपें सांपडलीं. शमाजीच्या घरांत पुन्हां शमुवेल जन्मास आला. मुलींस सारा, रिबेका, राहेल, हन्ना, मिर्याम, एस्तेर अशीं नांवें ठेवण्याची चाल वाढली. इंग्रजी शाळांत व कचेऱ्यांत नांव लिहिण्याचा प्रसंग आला तेव्हां पुष्कळांनीं गांवाचें आडनांव गाळलें आणि बापाचें नांवच आडनांवासारखें लाविलें. इंग्रजी कवि निस्सीम इझिकेल ह्यांचें घराणें मूळचें तळकर. चित्रपटांतील सुप्रसिद्ध नट डेव्हिड हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर.

आतां स्त्रिया ह्या कथेंत स्वतःच्या नांवानें प्रवेश करितात. १९०५ सालीं मुंबई विश्वविद्यालयाच्या मॅट्रिक परीक्षेंत रिबेका रूबेन ही बेने इस्राएल मुलगी पहिली आली. पुढें १९२२ पासून १९५० पर्यंत त्या माझगांव येथील सर एली कदूरी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. ही शाळा हाईम शमुवेल केहिमकर ह्यांनीं १८७५ सालीं 'इस्राएली शाळा' म्हणून स्थापिलेली. दुसऱ्या डॉक्टर जेरुशा झिराड. अलिबागेजवळील झिराड गांवाचें नांव त्यांच्या घराण्यानें 'कर' गाळून राखिलें होतें. लंडन येथें वैद्यकीचें उच्च शिक्षण घेऊन त्या परत आल्या, १९२८ पासून १९४७ पर्यंत त्यांनीं मुंबईच्या कामा इस्पितळाची मुख्य जबाबदारी संभाळिली, आणि १९६६ सालीं सरकारनें त्यांस पद्मश्री ही पदवी दिली. ह्याच जेरुशाबाईंच्या पुढाकारानें १९१३ सालीं मुंबईस बेने इस्राएल स्त्री मंडळ स्थापन झालें.

स्त्री मंडळ ही गोष्ट आज आपणांस सामान्य वाटते. परंतु ज्या समाजांत स्त्रियांचें बोलणें ओसरीच्या आंत व प्रार्थनामंदिराच्या माडीवर होत असे, तेथें स्त्रियांनीं आपल्या नांवानें संस्था काढावी, हें त्या काळीं लहान पाऊल नव्हतें. ज्या समाजाच्या नांवांतच 'पुत्र' आहे, त्यांतील लेकींनीं 'आम्हीहि आहों' असें सांगण्यासारखेंच तें होतें.

नांवांच्या बाबतींत स्त्रियांपुढें जे प्रश्न उभे राहतात ते पाहिले, म्हणजे हा विषय केवळ हौसेचा नाहीं हें कळून येईल. पहिला प्रश्न, मुलीचें नांव कोणत्या भाषेंत ठेवावें? एक पक्ष म्हणतो कीं नांव हिब्रू असावें, कारण समाज लहान आहे. चारचौघांत राहून आपलें निराळेंपण विसरूं नये, ह्याची आठवण नांव करून देतें. दुसरा पक्ष म्हणतो कीं दोन हजार वर्षें ज्या भाषेंत अंगाई गाइली तिच्यांतलें नांव परकें कसें म्हणावें? दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. म्हणून कित्येक घरांनीं मधला मार्ग काढला. धर्मविधीसाठीं हिब्रू नांव आणि घरांत व शाळेंत दुसरें. मिर्याम ह्या नांवानें जन्मलेल्या एका बेने इस्राएल बाई लग्नानंतर मीरा महादेवन् म्हणून प्रसिद्धीस आल्या. त्यांनीं १९६१ सालीं 'अपना घर' ही आपल्या समाजाविषयींची कादंबरी हिंदींत लिहिली, व १९६९ सालीं दिल्लीस बांधकामावरील मजूरस्त्रियांच्या मुलांसाठीं फिरत्या पाळणाघरांची संस्था सुरू केली. मिर्यामची मीरा झाली. मात्र पुस्तकाचा विषय जन्मघराचाच राहिला.

दुसरा प्रश्न, परक्या लोकांत वावरतांना नांव झांकावें काय? चित्रपटांचा इतिहास वाचणारांस ठाऊक असेल कीं मूकपटांच्या काळीं गाजलेल्या सुलोचना ह्या मूळच्या रूबी मायर्स, पुण्यास जन्मलेल्या. १९४७ सालीं पहिल्या 'मिस इंडिया' ठरलेल्या प्रमिला ह्यांचें मूळ नांव एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम. आणि नादिरा ह्या मूळच्या फ्लॉरेन्स इझिकेल. ह्या तिघी बेने इस्राएल नव्हत, तर बगदादकडून आलेल्या यहुदी लोकांपैकीं होत. परंतु प्रश्न एकच. लाखों प्रेक्षकांनीं आपलें म्हणावें, म्हणून त्यांस नवें नांव घ्यावें लागलें. कोणी ह्यास लपविणें म्हणेल. परंतु एस्तेर राणीची गोष्ट आठवावी. तिचें हिब्रू नांव हदस्सा. राजवाड्यांत असतां मर्दखयाच्या सांगण्यावरून तिनें आपली जात प्रकट केली नाहीं. परंतु आपल्या लोकांच्या जिवावर बेतलें तेव्हां तिनें राजापुढें ती स्वतःच्या तोंडानें सांगितली. तिच्या स्मरणार्थ जो पुरीम सण पाळतात त्यास बेने इस्राएल लोक पूर्वीं 'होळीचा सण' म्हणत. राणीस दोन नांवें, तशीं तिच्या सणासहि दोन! नांव दोन असण्यांत पाप नाहीं. वेळ आली असतां खरें सांगण्याचें धैर्य मात्र असावें लागतें.

अशी वेळ बेने इस्राएलांवर आली ती परमुलखांत, व तीहि स्वजनांकडून. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झालें. तेव्हां हिंदुस्थानांत बेने इस्राएलांची संख्या सुमारें २०,००० होती. त्यांतील पुष्कळ कुटुंबें पुढील वर्षांत तिकडे गेलीं. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणें संततीचा धर्म मातेवरून ठरतो. यहुदी मातेचें मूल तें यहुदी. १९६२ सालीं तेथील मुख्य धर्माधिकाऱ्यांनीं विवाह नोंदणाऱ्यांस अशी सूचना दिली कीं, बेने इस्राएलांपैकीं कोणी इतर यहुद्यांशीं विवाह करूं इच्छील, तर त्याच्या मातेची, मातेच्या मातेची, व जितकें मागें जातां येईल तितक्या पिढ्यांची चौकशी करावी.

वाचकांनीं आतां आरंभींचा प्रश्न आठवावा. आजीच्या आईचें नांव काय? ती कोणाची लेक? आडनांवें होतीं, परंतु तीं बापांचीं. केहिमकर म्हटलें कीं किहीम कळे. परंतु त्या केहिमकराची आजी कोण, हें किहीम गांव सांगूं शकत नव्हतें. ज्या बायकांनीं मासे निवडले, शनिवारीं घाणा बंद ठेवविला, ग्रंथावांचून धर्म जगविला, नेमक्या त्यांच्याविषयीं संशय घेतला गेला, आणि त्यांच्याच नांवांची कोठें नोंद नव्हती! लग्न ठरलेल्या मुलामुलींवर केवढा आघात झाला असेल, ह्याची कल्पना पालकांस सहज येईल.

बेने इस्राएलांनीं हा अपमान मुकाट्यानें सोसला नाहीं. १९६४ सालच्या उन्हाळ्यांत त्यांनीं यरुशलेमेंत धरणें धरलें. स्त्रिया व लहान मुलेंहि त्यांत होतीं. आम्ही कागद दाखवीत बसणार नाहीं. आम्ही सर्व समाज म्हणून यहुदी आहों, असें त्यांचें म्हणणें होतें. त्या वर्षीं ऑगस्ट महिन्यांत तेथील लोकसभेनें बेने इस्राएल हे सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत असें जाहीर केलें, आणि महिनाअखेर त्या सूचनेंतून 'बेने इस्राएल' हें नांव काढून टाकण्यांत आलें. एका नांवानें शमाजी दिवेकरांचे प्राण वांचले होते; तेंच नांव नियमांतून वगळावें म्हणून त्यांच्या वंशजांस भरउन्हांत बसावें लागलें. नांवाचा महिमा असा दुधारी आहे.

कोणी म्हणेल, स्त्रियांचीं नांवें न लिहिण्याची चाल सर्वत्रच आहे, त्यास इलाज काय? परंतु पवित्र शास्त्रांतच ह्याचें उत्तर आहे. राजांच्या ग्रंथांत यहूदाच्या राजांचा वृत्तांत सुरू होतो, तेव्हां राजा कितव्या वर्षीं गादीवर बसला, त्यानें किती वर्षें राज्य केलें, आणि त्याच्या आईचें नांव काय, हें बहुतेक प्रत्येक वेळीं सांगितलें आहे. योथाम राजाच्या आईचें नांव तेथें दिलें आहे यरुशा, सादोकाची कन्या. तिनें काय केलें, ती कशी होती, ह्याविषयीं ग्रंथकार विशेष कांहीं सांगत नाहीं. तरी नांव मात्र त्यानें गाळलें नाहीं. त्या एका शब्दामुळें तें नांव अडीच हजारांहून अधिक वर्षें टिकलें, आणि कोंकणांतील झिराड गांवच्या घराण्यानें तें आपल्या मुलीस दिलें. जेरुशा तें हेंच नांव. एका राजमातेचें नांव लिहून ठेविलें म्हणून मुंबईच्या एका डॉक्टरीणबाईस तें लाभलें. यहुदी लोकांत आजहि आजाऱ्यासाठीं प्रार्थना करितांना त्याचें नांव बापाच्या नांवानें न घेतां आईच्या नांवानें घेण्याची रीति आहे. संकटाच्या वेळीं माणसास आईच्या नांवानें ओळखावें, ही कल्पना किती हृदयंगम आहे!

आपल्या नागपुरास नांव व ओळख ह्यांचें महत्त्व निराळें सांगण्याची गरज नाहीं. १९५६ सालीं ह्याच शहरांत लाखों लोकांनीं डॉक्टर आंबेडकरांबरोबर धम्मदीक्षा घेऊन आपली नवी ओळख जगास सांगितली. माणसास कोणत्या नांवानें हांक मारिली जाते, ह्यावर त्याची मान ताठ राहणें वा खालीं जाणें किती अवलंबून असतें, हें येथील घराघरांस ठाऊक आहे. म्हणून बेने इस्राएलांची ही कथा आपणांस परकी वाटूं नये. ते आज महाराष्ट्रांत थोडे उरले आहेत. २०१६ सालीं राज्य सरकारनें त्यांस अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला. परंतु मराठी भाषेचें बीज ते आपल्याबरोबर दूर देशीं घेऊन गेले आहेत, आणि इस्राएलांत आजहि त्यांच्यांतील जुन्या पिढीच्या तोंडीं मराठी गाणीं आहेत.

महाराष्ट्र सरकारनेंहि आतां एक चांगली गोष्ट केली आहे. १ मे २०२४ रोजीं वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या सरकारी कागदपत्रांत प्रथम बालकाचें नांव, मग आईचें, मग बापाचें व शेवटीं आडनांव, असा क्रम ठरविण्यांत आला आहे. हीं बालकें मोठीं होऊन शाळेंत येतील तेव्हां हजेरीपटांत आईचें नांव बापाच्या नांवाच्या आधीं वाचलें जाईल. शिक्षकांस ओळ किंचित् लांब वाटेल. परंतु तेवढ्यानें ती अधिक खरी होईल.

मात्र आजीचें व पणजीचें नांव कोणत्याहि सरकारी कागदांत आपोआप येणार नाहीं. तें काम आपलें आहे. सुटी लागली कीं विद्यार्थ्यांनीं आजीजवळ बसावें, एक वही घ्यावी, आणि विचारावें: आजी, तुझें माहेरचें नांव काय? तुझ्या आईचें काय? तिच्या आईचें काय? त्या कोणत्या गांवच्या? लग्नांत नांव बदललें असेल तर आधींचें कोणतें? जेवढें आठवेल तेवढें लिहावें. जेथें आठवण संपेल तेथें जागा कोरी ठेवावी, कारण मावशीआजीस किंवा आत्याबाईस पुढचें ठाऊक असण्याचा संभव असतो. पालकांनींहि ह्या कामीं मुलांस साह्य करावें. ज्या घरीं आजी हयात आहे त्यांनीं हें काम पुढच्या सुटीवर टाकूं नये.

टोपलींतली मासळी निवडणाऱ्या त्या कोंकणच्या बाईचें नांव आतां कोणासहि सांगतां येणार नाहीं. तुमच्या पणजीचें मात्र, आज विचारल्यास, कदाचित् सांगतां येईल.